‘पर्सनल ब्रँड’ आणि आपले आडनाव

नोकरीच्या बाजारात सध्या ‘पर्सनल ब्रँड’ या शब्दाची मोठी चलती आहे. टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञाने १९९७ मध्ये एका मासिकातील लेखातून ही कल्पना रूढ केली. साबणाला, बुटाला जशी स्वतःची छाप असते तशी ती माणसालाही असावी, असे त्याचे म्हणणे. आता चुडाव्याहून पूर्णा किंवा नांदेड गाठून पुढे पुण्या-हैदराबादला गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही हाच उपदेश ऐकावा लागतो. लिंक्डइनवर छायाचित्र लावा, स्वतःविषयी लिहा, सतत दिसत राहा.

उपदेश वाईट नाही. मात्र नाव जितके अधिक दिसेल तितका लाभ अधिक, हे त्यात गृहीत धरलेले असते. आपल्या समाजाचा अनुभव इतका सरळ नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासह २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांत आलेल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी चार हजारांहून अधिक अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फरक काय तो आडनावाचा. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाली. मुस्लीम नावाच्या अर्जदाराची त्याहूनही कमी.

तेव्हा ज्या घरात आडनाव बदलावे का, जन्मगावाचे नाव लावावे का, अशी कुजबुज चालते, त्या घरात ब्रँडची नव्हे, भाकरीची चर्चा चाललेली असते. ज्यांनी आडनाव बदलले त्यांना भित्रे ठरवण्याचा अधिकार मला तरी कोणी दिलेला नाही. पण आडनाव झाकून मिळालेली जागा टिकवण्यासाठी पुढे गाव झाकावे लागते, आईवडिलांचा व्यवसाय झाकावा लागतो, सहकाऱ्यांना घरी बोलावताना भिंतीवरची तसबीरही अवघड वाटू लागते. हा खर्च कोणत्याही पगारपत्रकावर दिसत नाही.

या बाबतीत बाबासाहेबांच्या चरित्रातील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते. पत्रावर संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकर यांचे होते. विचार आणि लेखणी बाबासाहेबांची. पुढे लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पदरी पडली, स्वतंत्र व्यवसाय सुरू झाला, आणि ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे संपादक म्हणून त्यांनी स्वतःचे नाव छापले. मधल्या काळात, १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रकाशित झाला होता आणि १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी अर्थशास्त्राचे अभ्यासक म्हणून साक्ष दिली होती. नाव मागे ठेवण्याचीही एक वेळ असते आणि पुढे करण्याचीही. दोन्ही वेळी काम मात्र अखंड चालू होते.

आजच्या प्रोफाइलांत नेमके हेच उलटे दिसते. सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणावर ‘तज्ज्ञ’ ही पदवी स्वतःच स्वतःला बहाल केली जाते. पंचशीलातील चौथे शील म्हणणाऱ्या घरातील मुलांना याहून अधिक सांगण्याची गरज नसावी. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी एखादी मुलगी आपल्याच शिवारातील काळ्या जमिनीत सोयाबीन पिवळे का पडते, तुरीवर मर कशी येते, याविषयी नेमाने सोप्या मराठीत लिहू लागली, सोबत स्वतः काढलेली छायाचित्रे आणि पेरणीच्या तारखा देऊ लागली, तर तिच्या नावापुढे विशेषणाची गरज उरणार नाही. शंका आलेल्या शेतकऱ्याने बांधावर येऊन खुशाल पडताळून पाहावे.

तरीही एकट्याच्या कामाने सगळे साधते, असे मी म्हणणार नाही. इतरांच्या मुलांना पहिली नोकरी लागते तेव्हा बहुधा कुठेतरी कोणी काका, मामा किंवा वडिलांचे जुने स्नेही त्या कचेरीत आधीच बसलेले असतात. आपल्या वसतिगृहातील मुलाला तसा मामा नसतो. तो मामा होण्याचे काम माजी विद्यार्थ्यांचे आहे. बँकेत, रेल्वेत, न्यायालयात, सॉफ्टवेअर कंपनीत पोहोचलेल्या प्रत्येकाने दरवर्षी निदान एका मुलाचा अर्ज बारकाईने वाचून दुरुस्त करावा, मुलाखतीची तालीम घ्यावी आणि त्याचे काम खरोखर पाहिले असेल तर स्वतःच्या नावाने शिफारस करावी. आपले आडनाव लपवणाऱ्यालाही ही मदत मिळावी आणि मिरवणाऱ्यालाही.

त्यासाठी शाळेने या स्मरणिकेसोबतच माजी विद्यार्थ्यांची एक नोंदवही सुरू करावी, अशी माझी सूचना आहे. पद आणि पगार त्यात नकोत. कोण कोणत्या शहरात आहे, कोणते काम जाणतो आणि रविवारी किती वाजता त्याला फोन केलेला चालेल, एवढेच लिहावे.