उपकरणाच्या वाटेवरच्या नोकऱ्या

औषध कंपनीचा एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, प्रत्यक्षात औषध विकत नाही. डॉक्टरांनी ते लिहून द्यावे, एवढेच त्याला साधायचे असते. माल स्टॉकिस्टकडून दुकानात येतो आणि पैसे पेशंट मेडिकलच्या काउंटरवर मोजतो. वैद्यकीय उपकरणे विकणाऱ्याचे काम वेगळे असते. तो रुग्णालयाला वस्तू विकतो, ती वापरायला शिकवतो, गरज पडली तर शस्त्रक्रियेच्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहतो आणि थकलेले बिलही वसूल करतो. दोन्ही कामांना सरसकट ‘मेडिकल सेल्स’ म्हटले जाते. त्यामुळे विज्ञान, फार्मसी किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी दोन्हींसाठी एकच अर्ज पाठवतात, तोही चार-दोन नामांकित कंपन्यांच्या जाहिराती पाहून. उपकरण कारखान्यातून किंवा बंदरातून निघते आणि रुग्णापर्यंत पोहोचते, त्या वाटेवर मात्र प्रत्येक टप्प्याला माणसे लागतात. ती वाट माहीत असणे ही नोकरी शोधण्याची पहिली तयारी.

आधी औषधांची बाजू. मुंबई हे देशातील औषध उद्योगाचे जुने केंद्र. सिप्लाची स्थापना येथेच १९३५ मध्ये झाली आणि आजही अनेक औषध कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत. एमआरच्या पदासाठी बी.एस्सी., बी.फार्म. किंवा डी.फार्म. उमेदवारांना पसंती मिळते. काही कंपन्या इतर शाखांचे पदवीधरही घेतात. दुचाकी आणि तिचे लायसन्स जवळपास सगळीकडे गृहीत धरलेले असते. नेमणूक एखाद्या ‘एचक्यू’वर, म्हणजे ठरलेल्या शहरावर होते. तिथून एक्स-स्टेशन (त्याच दिवशी परतण्याजोग्या) आणि आउट-स्टेशन (मुक्कामाच्या) गावांचा टूर प्रोग्राम आखला जातो. दिवसाला दहा-बारा डॉक्टर आणि काही केमिस्ट यांना भेटणे, कोणत्या ब्रँडच्या चिठ्ठ्या येतात याची केमिस्टकडे चौकशी करणे, स्टॉकिस्टकडचा साठा पाहणे आणि रात्री कॉल रिपोर्ट भरणे असा दिनक्रम असतो. भरती सतत चालू असल्याने ही नोकरी तुलनेने लवकर मिळते आणि टार्गेटच्या ताणामुळे सोडणारेही बरेच असतात. उपकरणांकडे वळू पाहणाऱ्याला इथली एक-दोन वर्षे उपयोगी पडतात. डॉक्टरांची वेळ कशी मिळवायची, दोन मिनिटांत मुद्दा कसा मांडायचा आणि नकार पचवून पुढच्या दवाखान्यात कसे जायचे, हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

उपकरणांच्या क्षेत्राची व्याप्ती मोठी आहे. कापूस-बँडेजपासून एमआरआय यंत्रापर्यंत सारे त्यात येते. केंद्र सरकारच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतातील ही बाजारपेठ सुमारे ११ अब्ज डॉलरची, म्हणजे जवळपास ९०,००० कोटी रुपयांची होती. २०२० मध्ये या उद्योगासाठी ३,४२० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर केले. तरीही महागडी यंत्रे आणि शरीरात बसवायची बरीच साधने अजून परदेशातून येतात. आयातदार, वितरक आणि सेवा देणाऱ्या संस्था यांचे महत्त्व त्यामुळेच कारखान्यांइतकेच आहे. कारखाने आणि कंपन्या देशभर विखुरलेल्या आहेत. सिरिंज बनवणारी हिंदुस्थान सिरिंजेस फरिदाबादजवळ, हृदयाचे स्टेंट बनवणारी मेरिल वापीला, रोगनिदानाची यंत्रे आणि रसायने बनवणारी ट्रान्सएशिया मुंबईत, तर फिलिप्सचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे.

वाटेवरचा पहिला टप्पा परवान्याचा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत जोखमीनुसार उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग केले आहेत. साधे ड्रेसिंग पहिल्या वर्गात येते, रक्तदाब मोजण्याचे यंत्र दुसऱ्या, तर हृदयाची झडप चौथ्या. एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. पहिल्या दोन वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि उरलेल्या दोन वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना पद्धत लागू झाली. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे औषध प्रशासन देते; वरच्या दोन वर्गांचा आणि सर्व आयातीचा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते. यातून ‘रेग्युलेटरी अफेअर्स’ हे करिअर उभे राहिले. अर्जासोबतची तांत्रिक फाइल तयार करणे, चाचण्यांचे अहवाल जुळवणे, प्रशासनाच्या शंकांना उत्तरे देणे आणि आयएसओ १३४८५ या गुणवत्ता मानकाच्या तपासणीला सामोरे जाणे हे त्यातले काम. फार्मसी, बायोमेडिकल अभियांत्रिकी किंवा जीवशास्त्राची पदवी आणि नेटके इंग्रजी लेखन असलेल्यांना ते जमते. फिरतीची नोकरी नको असलेल्यांनी हा पर्याय आधी तपासावा.

दुसरा टप्पा वितरकाचा, आणि नवख्यासाठी प्रवेशाचे सर्वांत मोठे दार हेच. कंपनी कितीही मोठी असली तरी सोलापूर, लातूर, अकोला किंवा रत्नागिरीतल्या रुग्णालयापर्यंत तिचा माल बहुधा स्थानिक डीलरमार्फत जातो. या डीलरकडे पाच-पंचवीस माणसे असतात आणि जागेची जाहिरात सहसा कुठेच येत नाही. ओळखीपाळखीतून भरती होते. पगार कमी असतो, पण एकाच माणसाला कोटेशन, डेमो, पुरवठा, वसुली अशी सगळी कामे पडतात. दोन-तीन वर्षे असे काम केलेल्या माणसाला कंपन्या आपणहून विचारतात, कारण त्या भागातले सर्जन आणि खरेदी विभाग त्याला ओळखत असतात. पुढे स्वतःचा व्यवसाय करायचा असेल, तरी रस्ता इथूनच जातो. उपकरणांची विक्री आणि साठा करण्यासाठी राज्य प्रशासनाकडून एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी दुकानात एक सक्षम तांत्रिक व्यक्ती असावी लागते. ती पदवीधर किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट चालते. बारावी झालेल्या व्यक्तीला मात्र उपकरणांच्या विक्रीचा एक वर्षाचा अनुभव लागतो.

तिसरा टप्पा थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी येतो. गुडघ्याचा सांधा बदलताना कोणत्या मापाचा इम्प्लांट बसेल हे शेवटी टेबलावरच नक्की होते. म्हणून डीलरचा माणूस सर्व मापांचे ट्रे आदल्या दिवशी रुग्णालयात पोहोचवतो, त्यांचे निर्जंतुकीकरण झाले का ते पाहतो, शस्त्रक्रियेत कोणती अवजारे कोणत्या क्रमाने लागतील ते सांगतो आणि वापरलेल्या मापाची नोंद करून उरलेला माल परत आणतो. कॅथलॅबमध्ये वेगवेगळ्या लांबी-व्यासाचे स्टेंट आधीच ठेवलेले असतात आणि जो वापरला जाईल त्याचेच बिल होते; या साठ्याचा हिशेब ठेवणे हे स्वतंत्र काम आहे. अशा पदांना क्लिनिकल किंवा अॅप्लिकेशन स्पेशालिस्ट म्हणतात. ओटी टेक्निशियन, कॅथलॅब टेक्निशियन, नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा बायोमेडिकलच्या पदवीधरांना इथे विक्रीचा अनुभव नसतानाही संधी मिळते. प्रयोगशाळेच्या यंत्रांबाबत हेच काम डीएमएलटी, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री झालेले लोक करतात. अनेक प्रयोगशाळांत कंपनी यंत्र ठेवते आणि प्रयोगशाळा ठरावीक काळ त्याच कंपनीची रसायने विकत घेते. त्यामुळे यंत्र बसवल्यानंतरही या माणसाचे येणे-जाणे संपत नाही.

चौथा टप्पा सरकारी खरेदीचा. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांची खरेदी पूर्वी हाफकिन महामंडळामार्फत होत असे. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. शिवाय जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टल आहेच. निविदेतील तांत्रिक अटी वाचणे, आपले यंत्र त्यांत बसते का ते दाखवणे, अनामत रक्कम आणि प्रमाणपत्रे वेळेत भरणे हे टेंडर एक्झिक्युटिव्हचे काम. एक कागद राहिला तरी निविदा बाद होते. चिकाटीने कागद सांभाळणाऱ्या वाणिज्य पदवीधरालाही या क्षेत्रात इथून शिरता येते.

पाचवा टप्पा देखभालीचा. व्हेंटिलेटर, डायलिसिस यंत्र, सी-आर्म, मॉनिटर यांची वॉरंटी संपली की एएमसी किंवा सीएमसी हे करार होतात. पहिल्यात बहुधा फक्त सेवा असते, दुसऱ्यात सुटे भागही धरलेले असतात. एनएबीएचचे मानांकन हवे असलेल्या रुग्णालयांना यंत्रांच्या देखभालीच्या आणि कॅलिब्रेशनच्या नोंदी ठेवाव्या लागतात, म्हणून रुग्णालयेही स्वतःचे बायोमेडिकल अभियंते नेमतात. इलेक्ट्रॉनिक्स, मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका इथे पुरते. सर्व्हिस इंजिनिअरला रात्री-अपरात्री फोन येतात, पण विक्रीचे टार्गेट मानेवर नसते. यंत्र चालू ठेवणाऱ्यावर रुग्णालयाचा विश्वास बसतो, त्यामुळे काही वर्षांनी विक्रीकडे वळलेले सर्व्हिस इंजिनिअरही पुष्कळ दिसतात. ज्यांना नवीन उपकरणे घडवण्यात रस आहे, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईतील ‘बेटिक’ हे २०१४ मध्ये सुरू झालेले केंद्र आहे. नागपूरची व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी त्याच्याशी जोडलेले आहेत.

ही वाट एकदा समजली की शोधाची पद्धत बदलते. आधी एक शाखा निवडावी: अस्थिरोग, हृदयरोग, नेत्ररोग, डायलिसिस, रोगनिदान किंवा अतिदक्षता. त्या शाखेतल्या कंपन्यांची यादी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे खोक्यावरचे लेबल. उत्पादकाचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक, तसेच माल परदेशी असेल तर आयातदाराचे नाव त्यावर छापणे नियमाने बंधनकारक आहे. रुग्णालयात काम करणाऱ्या ओळखीच्या नर्सकडून किंवा टेक्निशियनकडून तिथे माल कोण पुरवतो तेही कळते. ‘मेडिकल फेअर इंडिया’सारखी प्रदर्शने आणि डॉक्टरांच्या संघटनांच्या परिषदांतील स्टॉल हे कंपनीच्या एरिया मॅनेजरशी प्रत्यक्ष बोलण्याचे ठिकाण. नोकरीची पोर्टल्स आणि लिंक्डइन पाहावीतच, पण अर्जात ‘मेडिकल सेल्समध्ये आवड’ असे मोघम लिहिण्यापेक्षा शाखा, उपकरण आणि जिथे काम करण्याची तयारी आहे तो जिल्हा लिहिलेला अर्ज लवकर वाचला जातो. मुलाखतीत त्या अवयवाची रचना, उपकरण कसे चालते, प्रतिस्पर्ध्याचे उत्पादन कोणते आणि त्याहून हे वेगळे कसे, एवढे विचारले जातेच. काही ठिकाणी उमेदवाराला एक दिवस मॅनेजरसोबत फील्डवर नेऊन पारखतात. उमेदवारानेही त्याच दिवशी नोकरी पारखून घ्यावी.

नेमणूक घेताना कागदपत्रे नीट वाचावीत. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा होता. तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत विलीन झाला असून ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. त्यात मूळ पगार, प्रवासभत्ता, इन्सेन्टिव्हचे सूत्र, प्रोबेशनचा काळ आणि बदलीची अट स्पष्ट असावी. नोकरी लावून देतो म्हणून नोंदणी फी मागणारे किंवा मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारे यांच्यापासून दूर राहावे. बिलाची वसुली न झाल्यास पगारातून कापू, अशी अट असेल तर आधी विचारणा करावी.

कामाचे नियमही बदलले आहेत. भेटवस्तू आणि परदेश सहली घेण्यास डॉक्टरांना २००९ मध्येच आचारसंहितेने मनाई झाली. कंपन्यांनी त्यावर केलेला खर्च करातून वजा मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये औषधांसाठी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये उपकरणांसाठी विपणनाची आचारसंहिता आली. किमतींवरही नियंत्रण आले: फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाचा थर असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली आणि त्याच वर्षी गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींनाही मर्यादा आली. मधल्या नफ्यावर आणि भेटवस्तूंवर चालणारी विक्री यामुळे अवघड झाली. उपकरणाची माहिती, वेळेवर पुरवठा आणि विक्रीनंतरची सेवा या बळावर विकणाऱ्यांची गरज वाढली.

निवडीचा हिशेब मग सोपा उरतो. बोलण्याची आणि फिरण्याची हौस असेल तर एमआर किंवा डीलरकडची विक्री, रुग्णालयाच्या वातावरणाची सवय असेल तर क्लिनिकल स्पेशालिस्ट, हातात पाना-मल्टिमीटर शोभत असेल तर सर्व्हिस, आणि कागदात मन रमत असेल तर रेग्युलेटरी किंवा टेंडर. पहिली नोकरी नामांकित कंपनीतच हवी हा आग्रह सोडला, तर आपल्याच जिल्ह्याच्या गावातून या क्षेत्रात पाऊल टाकता येते.