लाठी फक्त वार्षिक दिनापुरतीच का?

यंदाच्या वार्षिक दिनाला मी जमिनीवर मांडलेली पाच लिंबे दांडपट्ट्याने कापली. टाळ्या खूप पडल्या. दुसऱ्या दिवशी पट्टा भांडारात गेला, तो आता पुढच्या वार्षिक दिनालाच बाहेर येईल. माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे.

मी कोल्हापूरचा. सहावीत इथे येण्याआधी तीन वर्षे तालमीत मर्दानी खेळ शिकलो, सुट्टीत अजूनही शिकतो. तिथे पहिल्या दिवशी कोणी हातात तलवार देत नाही. आधी पवित्रे, मग लाठी, मग फरी-गदगा. पट्टा फार उशिरा. पट्ट्याच्या मुठीत हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकला जातो, त्यामुळे मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि पायांतून काढावा लागतो. पाऊल चुकले की पाते आपल्यालाच लागायचे.

आठवीत असताना एका भांडणात मी हॉकी स्टिक उगारली. मारली नाही, पण समोरचा घाबरून पळाला. सुट्टीत वस्तादांना हे मी रंगवून सांगितले. त्यांनी काही न बोलता माझी लाठी काढून घेतली. अख्खा मे महिना मी नुसते पवित्रे केले, तेही दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत. (त्या माझ्यापेक्षा चांगले करत होत्या.) त्या महिन्यात मागे कसे सरायचे ते अंगात मुरले. समोरच्याच्या टप्प्याबाहेर दोन पावलांत जाता आले, तर बरीच भांडणे तिथेच मिटतात.

मित्र विचारतात, ड्रोनच्या काळात काठी कशाला? १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये सीमेवरच्या करारांमुळे गोळी चालली नाही. आपले जवान हातघाईवर लढले, २० जण हुतात्मा झाले. त्यांचे नेतृत्व करणारे कर्नल संतोष बाबू सैनिकी शाळेतच शिकले होते. लाठी शिकले असते तर वाचले असते, असे मी मुळीच म्हणत नाही. तो त्यांच्या शौर्याचा अपमान होईल. पण हातघाईचे दिवस संपले, असे निदान आपण कॅडेट्सनी तरी म्हणू नये.

पालकांना दुखापतीची भीती वाटते. माझ्या आईलाही वाटते. बॉक्सिंगमध्ये माझे नाक फुटले आहे. लाठीने आजवर फक्त बोटे सुजली.

आमच्या वर्गात पंजाबच्या मित्राला गतका येतो, मणिपूरच्या मित्राला थांग-ता. हे दोन्ही खेळ खेलो इंडिया युवा स्पर्धेतही खेळले गेले आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदानाचा एक कोपरा आणि लक्ष ठेवायला एक उस्ताद मिळाले, तर आम्ही एकमेकांना शिकवू. लाठ्या आमच्या आम्ही आणू. पट्टा भांडारातच राहू द्या, त्याची घाई नाही.