धीर देणारी चाचणी

गर्भिणीचा रक्तदाब चढून माता व अर्भक दोघांच्याही जिवावर बेततो, त्या प्रिएक्लॅम्पसियाची चाहूल आता रक्तावरून घेता येते. वारेतून रक्तात उतरणाऱ्या दोन प्रथिनांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास आठवडाभर धोका जवळजवळ नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मात्र आकडा चढा निघालेल्यांपैकी चार आठवड्यांत विकार जडला तो सुमारे ३७ टक्के स्त्रियांनाच! म्हणजे ही चाचणी धीर देण्यात पटाईत, भाकितात कच्ची. शिवाय, ज्यांच्याविषयी डॉक्टरांना आधीच शंका होती, अशाच स्त्रियांवर हे संशोधन झाले होते. तेव्हा ती सरसकट सर्वांच्या माथी मारून प्रयोगशाळांचे खिसे भरण्याचे कारण नाही. प्रत्येक गर्भिणीचा साधा रक्तदाब दर भेटीत मोजला जातो की नाही, हे आरोग्यखात्याने आधी पाहावे.