करमणुकीतही परावलंबन कशाला?

ओझरच्या कारखान्यात ज्यांनी मिग विमानांची जुळणी केली, नाशिकरोडच्या मुद्रणालयांत ज्यांनी देशाच्या नोटा आणि मुद्रांक छापले, असे हजारो निवृत्त कामगार आज नाशिक परिसरात आयुष्याची संध्याकाळ घालवीत आहेत. यंत्र त्यांना परके नाही. तरीही त्यांच्यापैकी अनेकांना घरातील दूरचित्रवाणी संच स्वतः लावता येत नाही. दोन रिमोट, त्यांवर बारीक अक्षरांची ढीगभर बटणे, पडद्यावर इंग्रजी याद्या आणि मध्येच मागितला जाणारा पासवर्ड! मग नातवाला हाक मारावी लागते. ‘थांबा, लावून देतो’ हे उत्तर दोन-चार वेळा ऐकले की आजोबा हाक मारणेच सोडतात. दोष आजोबांच्या बुद्धीत आहे की यंत्राच्या रचनेत?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिक दहा कोटींहून अधिक होते. एवढ्या मोठ्या समाजाचा विचार न करता मनोरंजनाची साधने घडविली जातात, कारण बाजारपेठेने ग्राहक म्हणजे तरुण असे गृहीत धरले आहे. वयानुसार शरीरात होणारे बदल काही गूढ नाहीत. उतारवयात उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने निसटतात आणि शब्द कळत नाही. आवाज वाढविला तर पार्श्वसंगीतही वाढते. बोटांची त्वचा कोरडी झाली की टचस्क्रीन दाद देत नाही. करड्या पार्श्वभूमीवरील पांढुरकी अक्षरे मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाहीत. हे सारे ठाऊक असूनही रचना बदलत नाही, याला अनास्था म्हणतात.

रचना बदलली तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने ‘कारवां’ बाजारात आणला. जुन्या ट्रान्झिस्टरसारखे रूप, फिरवावयाची खुंटी, मोठी बटणे आणि आत भरलेली पाच हजार गाणी. इंटरनेट नको, पासवर्ड नको. पुढे मराठी गीतांचा संचही आला. ज्येष्ठांना भेट देण्यासाठी घरोघरी त्याची खरेदी झाली. अर्थात प्रारंभी सुमारे सहा हजार रुपयांना मिळणारे हे यंत्र तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला परवडणारे नव्हते. शिवाय आतील गाणी निवडणार कंपनी. तरीही या यंत्राने एक गोष्ट सिद्ध केली: ज्येष्ठांना नवे तंत्र नकोसे नसते, त्यांना अनोळखी रचना नकोशी असते.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले, तेव्हाही हेच दिसले. १९८७-८८ मध्ये पाहिलेली मालिका, ठरलेली वेळ, विनाशुल्क वाहिनी. आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच पडद्यासमोर बसली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी हे मर्म शतकापूर्वीच ओळखले होते. १९१३ मध्ये त्यांनी तंत्र परदेशी घेतले, पण कथा निवडली ती घरोघरच्या आजीला ठाऊक असलेल्या राजा हरिश्चंद्राची.

आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. परंतु ‘घरात माणसे आहेत, ती लावून देतील’ असे म्हणताना हाच अभिमान पळवाट ठरतो. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेलेल्या घरांत लावून देणार कोण? आणि जेथे माणसे आहेत, तेथेही एक भजन ऐकण्यासाठी विनवणी का करावी लागावी? ज्याची सेवा करावयाची त्याला परावलंबी ठेवणे ही सेवा नव्हे. त्याचे स्वत्व राखणे ही खरी सेवा होय.

यासाठी फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. एकच कळ दाबताच संच सुरू होऊन नेहमीची वाहिनी लागावी. याद्या मराठीत, ठळक अक्षरांत असाव्यात. संवाद आणि पार्श्वसंगीत यांचे आवाज वेगवेगळे कमी-अधिक करता यावेत. केंद्र शासनाने २०२४ मध्ये श्रवण व दृष्टिबाधितांसाठी चित्रपटगृहांना मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. पडद्यावर उमटणारे संवाद आणि दृश्यांचे ध्वनिवर्णन यांचा लाभ ज्येष्ठांनाही होईल. मराठी निर्मात्यांनी आणि वाहिन्यांनी त्यात पुढाकार घ्यावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपले प्रकल्प गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांत नेऊन तपासावेत. स्वदेशी उत्पादनाचा आग्रह धरणाऱ्यांनी तर हा प्रश्न आपलाच मानावा. परदेशी नमुन्याची नक्कल करून येथे केवळ जुळणी केली, एवढ्याने वस्तू स्वदेशी होत नाही. येथील माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि भाषेला ती मानवली पाहिजे.

तोवर घरातील तरुणांनी एवढे तरी करावे. रिमोटवरील लागणाऱ्या चार बटणांना रंगीत पट्ट्या लावाव्यात, मोठ्या अक्षरांत मराठी सूचना लिहून भिंतीवर चिकटवाव्यात आणि एक संध्याकाळ शेजारी बसून घाई न करता शिकवावे. आजी-आजोबांना लावून देऊ नये, त्यांना लावू द्यावे.