बॅटरी घेताना पावसाळ्याचा हिशेब करा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या सर्व रहिवाशांना आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना,

27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं. 12 ऑक्टोबर 2020 रोजी पूर नव्हता, तरी मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. वीज तासाभरात येतेच, या भरवशावर आपण इन्व्हर्टर घेतो. दुकानदार म्हणतो, "चार तास आरामात चालेल." किती भारावर चालेल, हे आपण विचारत नाही.

हिशेब सोपा आहे. 12 व्होल्टची दीडशे एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर 1800 वॅट-तासांची. पण ती तळापर्यंत उपसायची नसते आणि थोडी वीज इन्व्हर्टरही खातो. हाती उरतात हजारेक वॅट-तास. 75 वॅटचे दोन जुने पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर मिळून दोनशे वॅट. म्हणजे पाच तास, तेही बॅटरी नवी असताना. तीन-चार वर्षांत त्याचे साडेतीन होऊ शकतात. तेच पंखे तीस वॅटचे बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे) असतील, तर तीच बॅटरी जवळजवळ दुप्पट वेळ पुरते. म्हणून आधी पंखे बदला, मग बॅटरीचा आकडा ठरवा.

जी गरज निघेल, तिच्यावर एक तृतीयांश शिल्लक धरा आणि ती पहिल्याच खरेदीत घ्या. पुढे जुन्या बॅटरीला नवी जोडू म्हणाल, तर जुनी नवीलाही लवकर संपवते. मात्र उगाच अवाढव्यही घेऊ नका. दीडशे एएचला साधारण 15 अँपिअरचा चार्जर लागतो, तरी पूर्ण भरायला दहा-बारा तास जातात. पावसाळ्यात वीज ये-जा करते. चार्जर कमजोर असला की मोठी बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते आणि आतल्या प्लेटा खराब होतात. वालधुनी किंवा उल्हास नदीच्या काठी तळमजल्यावर राहत असाल, तर बॅटरी उंच ओट्यावर ठेवा. बंद कपाटात नको; चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

सगळ्यात कळकळीची विनंती आजारी माणसांसाठी आहे. पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तीनशे वॅटच्या आसपास वीज घेतं. वर सांगितलेली बॅटरी त्यावर जेमतेम तीन तास टिकेल, पंखे बंद ठेवून. अशा घरात बॅटरी त्या यंत्रासाठीच राखून ठेवा आणि शेजारी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर असू द्या. सगळ्यांना हा खर्च झेपत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सोसायट्यांनी एक सामायिक इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी, ती कुठे आहे हे वॉचमनलाही ठाऊक असावं, आणि दर महिन्याला अर्धा तास भार देऊन ती तपासावी.

आणखी एक. जनरेटरची वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. चेंजओव्हर स्विच नसेल तर वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो.

आपल्या मजल्यावर ऑक्सिजनवर असलेला रुग्ण असेल, तर त्याच्या घरच्यांना विचारून आजच सोसायटीच्या कमिटीला कळवा. पाऊस सुरू होण्याआधी अशा रुग्णांची यादी तयार हवी.

— आपला, बदलापूरचा एक रहिवासी