सगळ्यांचे पोट सारखे नसते

दोन माणसांचे चेहरे सारखे नसतात, हे आपण रोज पाहतो. पोटाच्या आतली रचनाही माणसागणिक बदलते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेतील शरीररचनातज्ज्ञ निकोलस मिशेल्स यांनी 200 मृतदेहांचे विच्छेदन करून यकृताला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या तपासल्या. पाठ्यपुस्तकातली रचना त्यांना निम्म्याहून थोड्याच अधिक देहांत आढळली. 1966 साली त्यांनी या रचनेचे 10 प्रकार सांगितले.

मूत्रपिंडाचेही तसेच. पुस्तकात प्रत्येक मूत्रपिंडाला एकच रोहिणी दाखवतात. पण सुमारे चार जणांत एकाला कुठल्या तरी बाजूला दोन किंवा अधिक असतात. म्हणूनच मुलाला मूत्रपिंड देणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्यांचे चित्र आधी काढून पाहतात. अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलेले असले, तर पोट नेहमीच्या जागी दुखत नाही आणि निदान लांबते.

पित्ताशय काढताना तर चूक फार महागात पडते. त्याची नलिका समजून मुख्य पित्तनलिकाच कापली गेली, तर रोग्याच्या जिवावर बेतते. त्यामुळे कुशल सर्जन नलिका आणि रोहिणी नीट ओळखल्याशिवाय कात्री लावत नाही.

ही सावधगिरी विद्यार्थी शिकतो ती विच्छेदनगृहात, एकाहून अधिक देह पाहून. देहदानाची इच्छा असेल, तर ती घरच्यांच्या कानावर आजच घालावी; ऐनवेळी निर्णय त्यांनाच घ्यायचा असतो.