होम बार आणि हातभट्टी

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड. नव्या फ्लॅटचं फर्निचर करताना टीव्हीच्या जागेइतक्याच हौसेने आता ‘होम बार’चा कोपरा काढून घेतात. उलटे टांगलेले ग्लास, एक शेकर, पेग मोजायचं माप, रम-व्होडका-जिनच्या दोन-चार बाटल्या. पुदिना चुरडायचा, लिंबू पिळायचं, साखर, रम, वरून सोडा. झाला मोहितो. बाकी सगळ्या सामानाची यादी मित्र एकमेकांना देतात, पण कायद्याने जी वस्तू सर्वांत आधी लागते ती त्या यादीत नसते. ती म्हणजे परवाना.

आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, अगदी स्वतःच्या घरातसुद्धा. देशीचा एका दिवसाचा परवाना दोन रुपये, विदेशीचा पाच. वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. आणि हा परवाना कशासाठी? तर ‘आरोग्य राखण्यासाठी’! शेकरपेक्षा स्वस्तात मिळणारा हा कागद किती यजमानांकडे आहे, विचारून पाहा. त्या दिवाणखान्यात जाऊन विचारायचं सरकारच्याही मनात येत नाही.

हाच कायदा शहराबाहेर मुळेगाव तांड्यावर मात्र जीप घेऊन जातो. तिथे बॅरल फुटतात, गूळमिश्रित रसायन मातीत ओतलं जातं, गुन्हे दाखल होतात. १९८१चा आणखी एक कायदा आहे, ज्याच्या नावातच ‘हातभट्टीवाले’ हा शब्द आहे. त्याखाली खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध करता येतं.

आता गंमत बघा. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. उसाची मळी डिस्टिलरीत गेली की रम होते आणि मोहितोत पडते. त्याच उसाचा गूळ तांड्यावर आंबला की गुन्हा होतो.

मी हातभट्टीची वकिली करत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. बेकायदा दारू थांबलीच पाहिजे. पण ती नुसत्या छाप्यांनी थांबत नाही. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१मध्ये, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं आणि भट्टी सोडणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून द्यायचा प्रयत्न केला. पोटाचा प्रश्न पोटाच्याच भाषेत सोडवायची ही वाट होती. सरकारची मोठी वाट मात्र वेगळी आहे. जून २०२५मध्ये दारूवरचं शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील म्हणून. विदेशीबरोबर देशीवरचंही वाढवलं. देशी महागली की मजूर कुठे वळतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

काही जण म्हणतील, ‘तुम्ही मुसलमान, तुमच्यात दारू हराम, तुम्ही असंच बोलणार.’ हराम आहेच, आणि मी पीत नाही. पण हराम म्हटल्याने आमच्या मोहल्ल्यातली बाटली संपलेली नाही, फक्त लपली आहे. म्हणूनच मला ठाऊक आहे की नुसत्या मनाईने दारू जात नाही. पाप-पुण्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या रबशी करावा. इथे प्रश्न कायद्याचा आहे आणि कायद्याला धर्म नसतो तशी ऐपतही नसावी.

म्हणून मागणी साधी आहे. परवाना खरोखर हवा असेल तर तो होटगी रोडवरही तपासा. नको असेल तर विधिमंडळात तसं सांगून तो रद्द करा. मग सगळी ताकद दोन कामांना लावा : विषारी दारू रोखायला, आणि भट्टी सोडू पाहणाऱ्या लमाण कुटुंबाला दुसरी कमाई द्यायला. श्रीमंताच्या घरी जो छंद आणि गरिबाच्या दारी जो गुन्हा, तो कायदा दारूबंदीचा नव्हे, गरीबबंदीचा.

आणि तोवर, होम बार सजवणाऱ्या माझ्या मित्रांनो, पाहुण्यांना शेकर दाखवाल तेव्हा शेजारी तो हजार रुपयांचा परवानाही फ्रेम करून लावा.